सेफ्टी फिल्ममधला निष्काळजी कामगार

रिटायर होऊन मला दोन वर्षं झाली. तरी कुणी मोबाईल आडवा धरून समोर उभा राहिला की अजून माझं डोकं फिरतं. नातवाच्या बारशाला जावई असाच उभा राहिला आणि म्हणाला, "पप्पा, जरा हसा ना." मी सगळ्या पाहुण्यांसमोर त्याच्यावर खेकसलो. बायको आत घेऊन गेली आणि म्हणाली, "त्यानं काय घोडं मारलं तुमचं?" त्यानं काहीच मारलं नव्हतं. बिचारा लातूरचा आहे, एवढाच त्याचा दोष. आमचा फिल्मवालाही लातूरचा होता.

मी दगडाच्या खाणीवर मेट होतो. मेट म्हणजे काय हे मुलीच्या लग्नात व्याह्यांना समजावून माझा घसा बसला होता. तुम्हालाही सांगतो. खाणीवर मेट लागतो, कायदाच आहे तसा. सरकारची परीक्षा पास व्हावी लागते, सर्टिफिकेट मिळतं. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळीकडे फिरायचं, कुठला दगड सुटलाय, कुठली वायर उघडी आहे, कोण हेल्मेट खुंटीला लावून आलाय ते बघायचं, आणि वहीत लिहून सही ठोकायची. माणसं सकाळी जशी आली तशी संध्याकाळी घरी गेली पाहिजेत, हे मेटचं काम. मालकाला वाटतं हा कामगारांचा माणूस, कामगारांना वाटतं हा मालकाचा. दोन्हीकडून शिव्या. तरी मला ही नोकरी आवडायची, खोटं कशाला बोलू?

आमची खाण सोन्याची नाही, काळ्या दगडाची. उमरीपासून आत, माळावर. आधी दगडात ड्रिलने होल मारायचे, त्यात दारू भरायची, सायरन वाजवून माणसं लांब न्यायची आणि उडवायचं. फुटलेला डबर डंपरने क्रशरवर जातो. क्रशरचा जबडा तो चावून बारीक करतो, मग चाळण्यांमधून गिट्टी वेगवेगळी होते आणि रबरी पट्ट्यांवरून ढिगावर जाऊन पडते. त्या पट्ट्याला बेल्ट म्हणतात. खाली जी भुकटी उरते ती चुरी. तुम्ही नांदेडहून लातूरला गाडीने जाता तेव्हा चाकाखाली आमची गिट्टी असण्याची बरीच शक्यता आहे.

लोकांना सुरुंगाची भीती वाटते. मला बेल्टची वाटायची. सुरुंग ओरडून सांगतो, बेल्ट दिवसभर मुकाट फिरतो. शेवटच्या टोकाला तो एका लोखंडी ड्रमला वळसा घालून परत फिरतो, आणि बेल्ट ड्रमला टेकतो तिथे सगळं आत ओढलं जातं. गमचाचं टोक गेलं की मागून माणूस जातो. म्हणून त्या ड्रमवर लोखंडी कव्हर बसवतात. आम्ही त्याला गार्ड म्हणायचो. चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम.

या बेल्टवर ग्रीस-ऑइल करणारा आमचा माणूस म्हणजे व्यंकटी. मूळचा देगलूरकडचा, बायको नरसाबाई उमरीजवळच्या गावची म्हणून तिकडेच घर करून राहिला. मी इतका सावध माणूस उभ्या आयुष्यात पाहिला नाही. सदरा कायम खोचलेला. गमचा गेटवरच्या खुंटीला. मनगटात देवाचा धागा नाही, बोटात अंगठी नाही. नरसाबाई म्हणायची, लग्नातली अंगठी आठ दिवसांत डब्यात गेली. बेल्ट बंद करून, स्विचला कुलूप लावून, किल्ली खिशात घातल्याशिवाय तो ग्रीसचा डबा उघडायचा नाही. आणि एवढं करून माझ्या मागे भुणभुण. "मेटसाब, तिकडचा दिवा गेला." "मेटसाब, शिडीची पायरी हलून राहिली." वैताग यायचा हो! मेट मी की तो? पण त्याच्या बेल्टवर कधी कुणाला साधं खरचटलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

तर एक दिवस नांदेडच्या ऑफिसातून मॅनेजरसाहेब आले आणि म्हणाले, "आपल्याला दोन फिल्म करायच्यात. एक कंपनीची ओळख, दुसरी सेफ्टीची. बाहेरचे नट नकोत. आपलेच कर्मचारी. त्यात जिवंतपणा असतो."

जिवंतपणा हा शब्द त्यांनी वापरला. मी तो विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी लातूरहून अभिजित नावाचा दिग्दर्शक आला. लग्नं आणि क्लासेसच्या जाहिराती करायचा. डोळ्यावर काळा चष्मा, खाणीत यायला पांढरे बूट. मी हेल्मेट दिलं तर म्हणाला, "केस बसतात, सर." मी म्हणालो, "दगड पडला तर डोकं बसल." तेव्हा घातलं.

पहिली फिल्म कंपनीच्या ओळखीची. उमरीच्या नर्सरीतून रोपं आणली. कुंड्या चुरीत अर्ध्या पुरल्या, साहेबांनी झारीने पाणी घातलं, शॉट झाला आणि कुंड्या त्याच टेम्पोतून परत गेल्या. नवी हेल्मेटं वाटली आणि संध्याकाळी मोजून घेतली. डंपरवरच्या ड्रायव्हरला अभिजित म्हणाला, "काका, अभिमानाने हसा." काकांनी आयुष्यात कधी अभिमानाने हसून पाहिलं नव्हतं. ते असे काही हसले की मॅनेजरसाहेबांनीच तो शॉट काढायला लावला. मग सुरुंग उडवला. धूळ खाली बसते न बसते तोच हा पठ्ठ्या म्हणतो, "सर, फ्रेम हलली. तोच ब्लास्ट परत एकदा घेता येईल का?"

मी म्हणालो, "बाबा, दगड फुटला. आता त्याला परत कसा जोडू?"

तो म्हणाला, "मग दुसरा?"

मी तिथेच खाली बसलो.

धुळीचं तर विचारूच नका. ओळखीच्या फिल्ममध्ये धूळ दिसायला नको होती, म्हणून वर्षानुवर्षं बंद पडलेले पाण्याचे फवारे दुरुस्त झाले. ज्या फवाऱ्यांसाठी मी वहीत लिहून लिहून पेन झिजवले, ते कॅमेऱ्यासाठी एका दिवसात चालू! आणि दुपारी सेफ्टीच्या फिल्मचा शॉट लागला तर अभिजित म्हणतो, "फवारे बंद करा, आता धूळ हवी. वातावरण तयार झालं पाहिजे." सकाळी पाणी, दुपारी धूळ, पुन्हा पाणी. पंपवाल्याने शेवटी मला विचारलं, "मेटसाब, मी चालू करू का बंद करू, का घरी जाऊ?" साहेबांना मात्र पाण्याचे ते तुषार इतके आवडले की शूटिंग संपल्यावरही फवारे चालूच ठेवा म्हणाले. मलाही बरं वाटलं. निदान माणसांच्या छातीत धूळ तरी जाणार नाही. पण बेल्टखालची चुरी भिजून तिथे निसरड्या चिखलाची राबडी झाली, ते बघायचं मी उद्यावर टाकलं.

सेफ्टीची फिल्म अडली ती एका भूमिकेवर. गोष्ट अशी होती की एक निष्काळजी कामगार फोनवर बोलत बोलत चालू बेल्टला हात घालतो आणि त्याचा अपघात होतो. ही भूमिका करायला कुणी तयार होईना. वाईट बोललेलं घडतं, असं सगळ्यांचं म्हणणं. डंपरवाले काका म्हणाले, "बायकोला कळलं तर घरात घ्यायची न्हाई." वेल्डरने पोट दुखतं म्हणून सांगितलं. अभिजित माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "मी मेट आहे. मीच हात घालतो असं दाखवलं तर माझं कोण ऐकल?"

तेव्हा व्यंकटी पुढे आला. "मी करतो. कोन्त्या चुका दाखवायच्या ते मलाच म्हाईत."

खरंच होतं ते. या माणसाने आयुष्यभर ज्या चुका टाळल्या त्या त्याला तोंडपाठ होत्या. त्याने सदरा बाहेर काढला, गमचा गळ्यात सोडला, अंगठी कुणाकडून तरी मागून बोटात घातली. अभिजितने विचारलं, "कॅरेक्टरचं नाव काय ठेवू?" व्यंकटी म्हणाला, "व्यंकटीच ऱ्हाऊ द्या. दुसऱ्याचं नाव कशाला बदनाम करायचं?"

बेल्ट मी बंद ठेवला होता. स्विचला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. अभिजितने चालू बेल्ट मागितला, मी सरळ नाही म्हणालो. आवाज नंतर घालता येतो हे त्यानेच मग कबूल केलं. एवढी एक गोष्ट मी नीट केली. पण ड्रम दिसत नाही म्हणून त्याने गार्ड काढायला सांगितलं, आणि मी काढू दिलं. दोन तासांचा तर प्रश्न होता.

आता गंमत बघा. बेल्ट बंद, वीज बंद, सगळं त्याला माहीत, तरी व्यंकटीचा हात पुढे जाईना. फोन कानाला लावून यायचा, ड्रमपर्यंत हात न्यायचा आणि वीतभर अंतरावर हात आपोआप मागे यायचा. एक टेक, दोन टेक, दहा टेक. अभिजित घामाघूम. "काका, बंद आहे हो!" व्यंकटी म्हणायचा, "कळतंय मला. पन हाताला कळंना." चौदाव्या टेकला अभिजितने कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाला, "असू दे. एडिटिंगमध्ये बघतो." सगळे खो खो हसले, मीही हसलो.

शेवटी एकच शॉट राहिला, गार्ड बसवलेला. साहेबांनी गार्ड बघितलं आणि नाक मुरडलं. "किती गंजलंय. फिल्ममध्ये कसं दिसेल? पिवळं करा." पिवळं केलं आणि शेडच्या भिंतीला उन्हात टेकवून ठेवलं. तेवढ्यात अभिजितला लातूरहून फोन आला, कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग होतं. जाताना सांगून गेला, "गार्डचा शॉट दोन दिवसांत येऊन घेतो. तोवर बसवू नका हां, रंगाला ओरखडे येतील. मला एकदम फ्रेश पाहिजे."

आणि साहेब म्हणाले, "थांबू दोन दिवस. पण क्रशर बंद ठेवता येणार नाही, गिट्टीच्या गाड्या खोळंबल्यात."

म्हणजे बेल्ट चालू आणि गार्ड भिंतीला. सुरक्षेच्या फिल्मसाठी! मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. वहीत लिहून बेल्ट बंद करायचा मला अधिकार होता, मेटला तो असतोच. पण तीन दिवसांच्या त्या तमाशाने मी इतका वैतागलो होतो की आता साहेबांशी आणखी एक वाद नको वाटला. दोन दिवसांत काय होतंय, म्हणालो.

व्यंकटी मात्र पहिल्याच सकाळी आला. "मेटसाब, गार्ड न्हाई बसलं."

"शॉट व्हायचाय त्याचा."

"शॉट जाऊ द्या की. खाली राबडी झाली हाय. मानूस घसरतंय तिथं."

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "मीच बसवून टाकू का? बेल्ट दहा मिनिटं बंद करा." मी चहा पीत होतो. वैतागून म्हणालो, "व्यंकटी, आरं तुला दुसरा उद्योग न्हाई का? ओरखडा पडला तर साहेब मला खाईल. गप जा." तो गेला. त्याने स्वतःच एक दोरी आणून ड्रमच्या बाजूला आडवी बांधली, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून. मी ती पाहिली आणि मनात म्हणालो, किती हा माणूस फिकीर करतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ड्रिलवर होतो. क्रशरचा आवाज एकदम थांबला. बेल्ट थांबला की क्रशरही थांबतो. मी धावलो. व्यंकटी बेल्टच्या कडेने ग्रीसचा डबा घेऊन चालला होता. कशाला हात लावायला नव्हे, नुसता पलीकडे चालला होता. त्या राबडीत पाय गेला, माणूस तोल सावरायला हात टेकतो तसा त्याने टेकला, दोरीवर. दोरी काय धरणार? गार्ड नेमकं त्यासाठीच असतं. घसरणाऱ्याचा हात लोखंडावर पडावा, आत जाऊ नये.

उजवा हात आत गेला. आणि त्या अवस्थेत या माणसाने डाव्या हाताने बेल्टच्या बाजूची बंद करायची तार ओढली. त्यानेच बेल्ट थांबवला, आम्ही कुणी नाही. नाहीतर नुसता हात गेला नसता.

नांदेडच्या दवाखान्यात हात कोपराखाली काढावा लागला. मी तिथे बाकावर बसलो होतो. नरसाबाई आली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "बेल्ट चालू असताना त्यानी हात घातला म्हनत्यात लोक. त्यो घालंल का ओ दादा?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. ती तशीच आत गेली.

इकडे अभिजितने फिल्म पूर्ण करून पाठवली. गार्डचा शॉट न घेताच! मग आमचं गार्ड तीन दिवस भिंतीला कशाला उभं होतं, असं विचारायला मी फोन लावला. तर म्हणाला, "सर, फ्लोमध्ये बसत नव्हतं." मी फोन आपटला.

फिल्ममध्ये व्यंकटी गमचा उडवत, फोनवर बोलत येतो. हात ड्रमकडे जातो. तिथेच कापलंय. मागे येणारा हात त्याने ठेवलाच नाही. पडदा लाल होतो, किंकाळी येते आणि भारदस्त आवाज म्हणतो, "व्यंकटीने चूक केली. तुम्ही करू नका." ऑफिसातून कुणीतरी ती कामगारांच्या ग्रुपवर टाकली, तिथून गावात गेली. लोकांना काय माहीत हे नाटक आहे? अपघात खरा, माणूस खरा, नाव खरं. दोन दिवसांत अख्ख्या तालुक्याला पटलं की व्यंकटी फोनवर बोलत होता आणि कॅमेऱ्यात सापडला. किराणा दुकानदार मला सांगतो, "म्या स्वतः पाह्यलं व्हिडिओत." मी सांगून सांगून थकलो. एकाने तर मलाच समजावलं, "मेटसाब, तुमी तवा तिथं नव्हता ना?"

मग साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद. 'माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.' म्हणाले, "एवढं त्याने दिलं की चौकशी सरळ होते. त्याला गेटवर बसून करायचं काम देतो, नोकरी राहील. तुमचं तो ऐकतो. तुमचंही नाव यात येत नाही, लक्षात घ्या. रिटायरमेंटला तीन महिने राहिलेत ना?"

मी कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. लाज वाटते लिहायला, पण मी त्याचं भलं करायला चाललोय असंच मला वाटत होतं.

व्यंकटीने कागद दोनदा वाचला. मग खाली ठेवला. "न्हाई."

"आरं नोकरी ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या."

"काय ऱ्हाऊ द्या? या वयात एका हातानं कुठं काम मिळणार तुला? नुसती एक सही मागून राहिलेत."

"सही?" तो म्हणाला. "सही उजव्यानं करत होतो. आता अंगठा घ्याल तुमी. सातवी शिकलेला मानूस मी." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "मेटसाब, हात गेला त्यो गेला. त्याचं म्या कुनाला काय म्हनलं का? पन निष्काळजी म्हनू नका मला. वीस वरीस बेल्टवर काढले. त्येवढंच कमावलं हाय."

माझं डोकंच सटकलं. किती हट्टी असावं माणसाने! मी आवाज चढवला, घरादाराचं काय होईल ते ऐकवलं, साहेबांचे उपकार सांगितले. तो ऐकत राहिला. शेवटी नरसाबाई दारातून म्हणाली, "दादा, तुमी लई बोलून राहिले. येक इचारू? त्यानी तुमाला गार्डचं सांगितलं हुतं का न्हवतं?"

मी म्हणालो, "त्याचा आता काय संबंध?"

"मंग जावा तुमी," ती म्हणाली.

मी गेलो. मोटारसायकलवर उमरीपर्यंत मी तिलाच शिव्या देत होतो.

पुढच्या आठवड्यात चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर आले. वयस्कर, कमी बोलणारे. साहेबांनी ऑफिसात पडदा लावून ठेवला होता. व्यंकटी कोपऱ्यात खुर्चीवर, रिकामी बाही खोचलेली. साहेब म्हणाले, "सर, कामगाराला पूर्ण ट्रेनिंग होतं. इतकं की सेफ्टी फिल्ममध्ये त्यानेच काम केलंय. काय करू नये हे त्याला चांगलं माहीत होतं." आणि फिल्म लावली.

मी ती ग्रुपवर पाहिली होती, बोटाएवढ्या पडद्यावर. मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच पाहत होतो. व्यंकटीचा हात ड्रमकडे गेला आणि किंकाळी आली. मला मात्र पुढचं दिसत होतं. मागे येणारा तो हात, चौदा वेळा मागे आलेला, आणि आम्ही हसलो होतो. मी कोपऱ्यात बघितलं. व्यंकटी पडद्याकडे बघतच नव्हता, खाली फरशीकडे बघत होता. चूक केलेला माणूस बसतो तसा बसला होता तो. जो कुणी आत आला असता, त्याला वाटलं असतं हाच गुन्हेगार.

इन्स्पेक्टर म्हणाले, "जरा मागे घ्या. इथे थांबवा." पडद्यावर उघडा ड्रम. "इथलं गार्ड कुठाय?"

साहेब म्हणाले, "ते शूटिंगपुरतं काढलं होतं, सर."

"परत कधी बसवलं?"

  साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की आता मी वही काढायची आहे. वहीत त्या तिन्ही दिवशी माझ्या सहीने लिहिलेलं होतं, 'सर्व गार्ड जागेवर. काम सुरक्षित.' रोज लिहितो तसंच लिहिलं होतं, हाताच्या सवयीने. ती वही पुढे केली असती तर प्रश्न मिटला असता. कागदावर गार्ड होतं, व्हिडिओत व्यंकटी होता, आणि मी तीन महिन्यांनी हार घालून घरी गेलो असतो.

मी उठलो. "बसवलं नव्हतं साहेब. अपघात झाल्यावर बसवलं. या माणसाने मला दोनदा येऊन सांगितलं होतं, शूटिंगचा शॉट राहिलाय म्हणून मी त्याला हाकलून दिलं. वहीतली नोंद खोटी आहे, ती मीच लिहिलीय. आणि फिल्ममध्ये तो हात आत घालताना दिसतो तेही खोटं आहे. त्याने घातलाच नव्हता. बेल्ट बंद असतानासुद्धा त्याचा हात जात नव्हता. लातूरहून पूर्ण शूटिंग मागवा आणि बघा."

साहेब चिडून म्हणाले, "तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय," मी म्हणालो. 

पुढचं थोडक्यात सांगतो. पूर्ण शूटिंग आलं, इन्स्पेक्टरांनी चौदाही टेक बघितले. रिपोर्टात 'कामगाराची चूक नाही' असं आलं. व्यंकटीला गेटवरचं काम द्यावंच लागलं, कुठल्याही कागदाशिवाय. साहेबांची बदली झाली. माझं सर्टिफिकेट काढून घेतलं आणि निरोप समारंभ झाला नाही. गेलं तर गेलं. खोटी सही करणाऱ्याला हार घालायचा तरी कशाला? तो व्हिडिओ मात्र अजून फिरतो. मागच्या महिन्यात उमरीच्या स्टँडवर एकाने मलाच दाखवला.

रिपोर्ट आला त्या आठवड्यात मी व्यंकटीच्या घरी गेलो. खोटं कशाला सांगू, थोड्या ऐटीतच गेलो होतो. नोकरीवर पाणी सोडून खरं बोललो होतो मी. निदान एक शब्द तरी चांगला ऐकायला मिळेल असं वाटत होतं. नरसाबाईने चहा ठेवला. व्यंकटी डाव्या हाताने कप धरून बसला होता. चहाचा घोट घेऊन मीच म्हणालो, "बघ, साहेबाच्या तोंडावर सांगितलं का न्हाई मी?"

"हाव," तो म्हणाला. "लोक सांगत होते. बेस केलं."

मग कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे, मला समजावल्यासारखं म्हणाला, "पन मेटसाब, त्या दिशी चहा ठेवून उठला असता, तर दहाच मिनिटांचं काम हुतं."